कुलूप शाबूत, कोयंडा उचकटलेला

पंचनाम्यात एक ओळ होती: पुढच्या दाराचा कोयंडा चौकटीतून उचकटलेला, कुलूप बंद स्थितीत त्यालाच लटकलेले. साताऱ्यातल्या आमच्या घराचं काय झालं ते एवढ्यात आलं. बाबांनी फार पारखून आणलेलं ते सात लिव्हरचं कुलूप, त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. चोरांनी कुलपाला हातच लावला नाही. कोयंड्यामागे कटावणी घालून जोर दिला आणि पाऊण इंची स्क्रू सागवानी चौकटीतून लाकडासकट बाहेर आले. हवालदारांनी ते स्क्रू तळहातावर घेऊन मला दाखवले आणि म्हणाले, "ताई, कुलपावर पैसे घालतात सगळे, स्क्रू मात्र दुकानदार देईल ते."

गेल्या वर्षी मे महिन्यातली ही गोष्ट. त्यानंतर घर पुन्हा राहण्याजोगं, आणि बंद ठेवण्याजोगंही, करण्यात कित्येक महिने गेले. पोलीस, सुतार, फॅब्रिकेटर, सराफ, विमा एजंट अशा अनेकांशी बोलले, प्रत्येकाकडून काही शिकले. मुलं पुण्या-मुंबईत आणि आईवडिलांचं घर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी, अशी स्थिती असलेले माझ्या ओळखीतच किती तरी आहेत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. तळमजला, वर गच्ची, मागे परसदार आणि परसाकडे उतरती कौलारू पडवी. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी असते. उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर काही आठवडे ती आमच्याकडे पुण्याला येते. त्या दिवशी पहाटे शेजारच्या काकूंना दार उघडेना. त्यांच्या दाराला बाहेरून कडी घातली होती. समोरच्या घरालाही तसंच. काकूंनी दूधवाल्याला फोन करून कडी काढून घेतली, बाहेर आल्या तेव्हा आमचं दार सताड उघडं दिसलं. त्यांनी आत पाऊल टाकलं नाही, कुणालाही टाकू दिलं नाही. ११२ वर फोन केला आणि मग आईला कळवलं. आम्ही पोचेपर्यंत काका फाटकाशी खुर्ची टाकून बसून होते. पुढे ठसेतज्ज्ञ आले तेव्हा याचं मोल कळलं. घरात शिरून "काय काय गेलं" ते बघण्याची ओढ अनावर असते आणि त्यातच दाराच्या कडा, कपाटाच्या मुठी, आरसा हे सगळं दहा हातांनी पुसलं जातं.

ठसे घेताना लोखंडी कपाटावर, स्टीलच्या डब्यांवर भुकटी मारली. आईचे आणि काम करणाऱ्या मावशींचे ठसेही घेतले, घरच्यांचे वगळता यावेत म्हणून. हे आधी समजावून सांगितलं नसतं तर मावशी घाबरल्या असत्या. सांगितल्यावर त्यांनी शांतपणे दिले. स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा जमिनीवर उलटा केलेला होता. तांदूळ, डाळ, साबुदाणा, सगळं एकात एक. बायका डब्यात पैसे ठेवतात हे चोरांना पाठ असतं. गादीची शिवण उसवलेली, देवघरातले फोटो मागून फाडलेले. श्वानपथकातलं कुत्रं उचकटलेल्या कोयंड्याचा वास घेऊन पडवीतून बोळात गेलं आणि मोठ्या रस्त्याच्या कडेला जाऊन घुटमळलं. तिथे गाडी उभी असणार, असं पोलीस म्हणाले.

फिर्याद आईच्या नावाने झाली, घरात राहणारी तीच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे जुन्या बातम्यांत वाचलेली ३८० आणि ४५७ ही कलमं आता नाहीत. आमच्या एफआयआरवर ३०५ आणि ३३१ (४) होती. पहिलं राहत्या घरातल्या चोरीचं, दुसरं रात्रीच्या घरफोडीचं. सूर्यास्त ते सूर्योदय म्हणजे रात्र, आणि चोरीच्या हेतूने रात्री घर फोडलं तर १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती तिथल्या तिथे मागून घ्यावी. पुढे विमा, बँक, जे काही करायचं त्याला तोच कागद लागतो.

फिर्याद लिहून घेताना प्रश्न आला, "कुणावर संशय?"

या प्रश्नाबद्दल मला जरा थांबून लिहायचं आहे. आमच्या आधीच गल्लीने उत्तरं तयार ठेवली होती. कुणी मावशींचं नाव घेतलं, कारण आई कधी जाणार हे त्यांना माहीत होतं. कुणी मैदानाच्या कडेला पालं ठोकून राहिलेल्या कुटुंबांकडे बोट दाखवलं, कारण ती "तसली" माणसं. आई खुर्चीत ताठ बसली आणि म्हणाली, "मी कुणाला पाहिलेलं नाही. पाहिलं नाही त्याचं नाव मी कसं सांगू?" अंमलदारांनी 'अज्ञात इसम' लिहिलं. मला आईचा तेव्हा फार अभिमान वाटला, आजही वाटतो. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, त्या जमाती विमुक्त झाल्या. माणसांच्या तोंडून मात्र तो अजून गेलेला नाही. ज्या रामोशी समाजाने आमच्या या मुलखात गावांची आणि गडांची राखण केली, त्यालाही त्याच नजरेने बघितलं गेलं. पोलिसांना खरी माहिती जरूर द्यावी: अलीकडे घरी कोण काम करून गेलं, किल्ली कुणाकडे होती, कुणी अनोळखी माणूस चौकशी करत आला होता का. हे सगळं आम्ही सांगितलं. पण माहिती देणं वेगळं आणि संशय म्हणून गरिबाचं नाव लिहून देणं वेगळं. मावशी आजही आमच्याकडे येतात, आणि आई नसताना तुळशीला पाणी त्याच घालतात.

काय गेलं? थोडी रोकड, आईच्या रोजच्या कुड्या, चांदीची समई, निरांजनं, पेले आणि देवाचे टाक. बाकी दागिने बँकेच्या लॉकरमध्ये होते. पैशाच्या हिशेबात टाकांची किंमत नगण्य, पण आई रडली ती फक्त त्यांच्यासाठी. लग्न होऊन आली तेव्हापासून रोज ज्यांना स्नान घातलं ते खंडोबाचे आणि देवीचे टाक. रिकाम्या देव्हाऱ्यापुढे ती बराच वेळ बसून होती. पुढे सराफाकडून नवे घडवून घेतले, जेजुरीला नेऊन भेटवून आणले. त्यानंतरच ती त्या घरात पुन्हा झोपू शकली. घर सुरक्षित करायचं म्हणताना आपण दारं-खिडक्या मोजतो. माणसाला तिथे पुन्हा निर्धास्त झोप लागणं हाही त्याच कामाचा भाग आहे, आणि त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

चोरीला गेलेल्या वस्तूंच्या यादीत प्रत्येकीचं वजन आणि वर्णन लागतं. जुन्या चांदीच्या पावत्या कुठून असणार? उपयोगी पडला तो लक्ष्मीपूजनाचा फोटो. त्यात समई, निरांजनं, टाक सगळं स्वच्छ दिसत होतं, समईच्या दांड्यावरचा पोचासुद्धा. तो फोटो यादीला जोडला. यातून धडा घेऊन नंतर उरलेल्या प्रत्येक दागिन्याचा पुढून-मागून फोटो काढला, सराफाकडे वजन करून वहीत लिहिलं. नव्या हॉलमार्क दागिन्यांवर एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकी क्रमांक कोरलेला असतो. तो भिंगातून वाचून टिपून ठेवला. प्रत्येक नगाचा क्रमांक वेगळा, त्यामुळे माल सापडला तर हाच आपला हे सांगायला याहून भक्कम खूण नाही. वहीची एक प्रत माझ्याकडे पुण्यात असते.

माल सापडतो तेव्हाही तो लगेच हातात येत नाही, न्यायालयात अर्ज करावा लागतो. नात्यातल्या एकांना हे करावं लागलं होतं. त्यांच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ सालच्या सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणातल्या निकालाचा आधार घेतला. मौल्यवान वस्तू ठाण्यात वर्षानुवर्षं पडू न देता सविस्तर पंचनामा करून, फोटो काढून, बंधपत्र घेऊन मालकाच्या ताब्यात द्याव्यात, असं त्यात सांगितलं आहे. हे ठाऊक असलेलं बरं.

लॉकरबद्दलही एक गैरसमज आमच्या घरात होता, की तिथे ठेवलं म्हणजे पूर्ण भरपाईची हमी. रिझर्व्ह बँकेचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं अशा बँकेच्या जबाबदारीतल्या घटनांत, किंवा कर्मचाऱ्याने केलेल्या अफरातफरीत, बँकेचं दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट इतकं मर्यादित आहे. वर्षाला २,००० रुपये भाडं असेल तर जास्तीत जास्त २ लाख. आजच्या सोन्याच्या भावात त्यात काय येतं ते प्रत्येकाने पाहावं. तरीही दागिने घरापेक्षा लॉकरमध्येच हवेत असं माझं ठाम मत आहे. फक्त मर्यादा समजून ठेवावेत.

घराच्या विम्यातही असंच बारीक वाचावं लागतं. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, भूकंप, पूर यांसाठी ती चांगली आहे. पण तिच्यातलं चोरीचं संरक्षण फक्त अशा आपत्तीमुळे पुढच्या ७ दिवसांत झालेल्या चोरीला. आमच्यासारख्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं आणि त्यात दार-खिडकी फोडून शिरल्याची खूण दिसावी लागते. मी आता घेतलेल्या पॉलिसीत घर सलग ३० दिवसांहून जास्त रिकामं राहणार असेल तर आधी कळवण्याची अट आहे. वर्षातून दोनदा घर बंद करणाऱ्यांना हीच अट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती सगळ्यात शेवटी छापलेली असते.

आता दाराकडे येते. सुतारमामा साठीच्या पुढचे, जुन्या वाड्यांची कामं केलेले. त्यांनी आधी सगळं घर बाहेरून फिरून पाहिलं. दारापाशी आले आणि म्हणाले, "बाहेर लटकणारं कुलूप म्हणजे घरात कुणी नाही याची पाटी." ही एक गोष्ट मला आजवर कुणी इतक्या सरळ सांगितली नव्हती. पुढच्या दाराचा बाहेरचा कडी-कोयंडा त्यांनी काढूनच टाकला आणि दाराच्या जाडीत बसणारं मॉर्टिस लॉक बसवलं. बाहेरून किल्लीचं भोक तेवढं दिसतं. आत माणूस आहे की नाही ते दारावरून कळत नाही. बाहेर कडीच उरली नाही, म्हणजे काकूंच्या दाराला घातली तशी आम्हाला आत कोंडायला कुणी बाहेरून कडी घालण्याचाही प्रश्न मिटला. काकूंनी आणि समोरच्यांनीही मग आपल्या बाहेरच्या कड्या काढून घेतल्या.

साधं लॅच नुसतं ओढून घेतलं की लागतं, पण त्याची जीभ तिरकी आणि स्प्रिंगवर असते, पातळ पत्र्याने ती मागे सरकवता येते. किल्ली फिरवून पुढे येणारा चौकोनी डेडबोल्ट तसा सरकत नाही. म्हणून कुलूप डेडबोल्टचं घेतलं. पण खरं काम चौकटीतल्या पट्टीचं, जिच्या भोकात तो बोल्ट शिरतो. दुकानातून पट्टीबरोबर आलेले छोटे स्क्रू मामांनी बाजूला ठेवले आणि तीन इंची स्क्रू घातले, चौकटीतून आरपार भिंतीत धरतील असे. पट्टीही लांब आणि जाड घेतली, म्हणजे जोर एका जागी न येता पसरतो. या स्क्रूंची किंमत काहीच नाही. ज्यांना बाकी काही करणं जमणार नाही त्यांनी एवढं तरी आजच करावं.

आमचं दार दोन फळ्यांचं. अशा दारात कुलूप कितीही चांगलं असलं तरी दुसरी फळी कशाने धरली आहे, हे बघावं लागतं. आमची दुसरी फळी वर एका नाजूक खिट्टीवर उभी होती. मामांनी तिला वर आणि खाली लांब बोल्ट लावले, खालचा दगडी उंबऱ्यात भोक पाडून आत उतरवला. दोन फळ्यांच्या मधली फट झाकायला उभी लोखंडी पट्टी मारली, कटावणीचं टोक शिरायला जागा राहू नये म्हणून. बाहेरचं जाळीचं सुरक्षा दार बाहेर उघडतं, त्याच्या बिजागऱ्यांच्या पिना बाहेरच्या बाजूला. पिना ठोकून काढल्या की कुलूप लावलेलं दार बिजागरीकडून निघतं. तिथे आतल्या कडेला लोखंडी खुंट्या बसवल्या. दार बंद झालं की त्या चौकटीच्या भोकांत जातात आणि पिना काढल्या तरी दार जागचं हलत नाही.

मागच्या दारासाठी मामांनी जुना अडसर परत आणला. भिंतीच्या दोन्ही बाजूंना भक्कम लोखंडी आकडे आणि त्यात आडवा सागवानी वासा. मागच्या दाराला बाहेरून काहीच नाही, ना कडी, ना कुलूप, ना मूठ. त्यांचा हिशेब असा: मागची बाजू परसात, तिथे कुणाची नजर पोचत नाही, चोराला हवा तेवढा वेळ मिळतो. म्हणून ते दार आतून अडसर घालून बंद करायचं आणि बाहेर पडायचं ते पुढच्या दारातून, जे रस्त्यावरून दिसतं. कौलारू पडवीचं काय करावं यावर बरीच चर्चा झाली. कौलं काढून आत उतरणं अगदी सोपं. सगळ्या छपराखाली जाळी मारायचा खर्च मोठा होता. शेवटी असं ठरलं की पडवी ही घराबाहेरची जागा मानायची. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं दार म्हणजेच आमचं मागचं दार, तिथेच अडसर. पडवीत पडून असलेली पहार, कुऱ्हाड आणि शिडी आतल्या खोलीत हलवली. चोर पुष्कळदा हत्यारं घरमालकाचीच वापरतात, हे मला हवालदारांनी सांगितलं होतं.

खिडक्यांच्या बाबतीत जुनं ते चांगलं निघालं. जुन्या खिडक्यांचे उभे गज लाकडी चौकटीच्या पोटातून गेलेले, ते उपसायचे तर चौकट फोडावी लागेल. दुबळी होती ती स्वयंपाकघराची नवी सरकती खिडकी. तिचं ग्रील बाहेरून स्क्रूने बसवलेलं, पेचकस असलेला कुणीही काढू शकेल. फॅब्रिकेटरने ते काढून जाड चौकोनी गजांचं ग्रील केलं आणि त्याचे पाय भिंतीत सिमेंटने पक्के केले. न्हाणीघराच्या झरोक्याला काचेच्या सुट्या पट्ट्या होत्या, एकेक बाहेर सरकते. तिथेही आतून गज. गच्चीचं दार सगळे विसरतात, कारण तिथे रोज जाणं नसतं. शेजारच्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर येणं अवघड नाही. ते पत्र्याचं पातळ दार बदलून भरीव केलं आणि आतून दोन बोल्ट लावले.

फॅब्रिकेटरचा आग्रह होता की पुढचा सगळा व्हरांडा खालपासून वरपर्यंत ग्रीलने बंद करावा. आईने ठाम नकार दिला. "मला पिंजऱ्यात बसून पेपर वाचायचा नाही," म्हणाली. मी तिच्या बाजूने उभी राहिले. व्हरांड्यात बसलेली आई ही त्या गल्लीची राखण आहे. येणारा-जाणारा तिच्याशी दोन शब्द बोलतो, नवा चेहरा आला की ती विचारते. ती ग्रीलमागे गेली की रस्त्याची एक नजर कमी होते.

तिची दुसरी अट मला त्याहून महत्त्वाची वाटली. तिचं माहेर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती लहान होती. अंधारात कडी सापडेना, आजोबांनी दार लाथेने उघडून सगळ्यांना बाहेर काढलं, ही आठवण तिने आम्हाला अनेकदा सांगितली आहे. "चोर येऊ नये एवढं बघू नका, मला पळता आलं पाहिजे," हे तिचं म्हणणं. म्हणून मॉर्टिस लॉक आतून किल्लीचं न घेता घुंडी फिरवून उघडणारं घेतलं. तिच्या झोपण्याच्या खोलीतल्या एका ग्रीलला उघडणारी झडप ठेवली, तिला आतून कुलूप, आणि किल्ली पलंगाजवळच्या खिळ्याला, खिडकीतून हात घालून पोचणार नाही अशा अंतरावर. आग लागली, भूकंप झाला तर सगळ्या बाजूंनी गज असलेलं घर माणसाला आत अडकवतं. शहरातल्या सदनिकांत बाल्कन्या पूर्ण बंद केलेल्या पाहते तेव्हा मला फार काळजी वाटते.

कॅमेऱ्यांकडे मी मुद्दाम शेवटी वळले. नातेवाईक पहिल्या दिवसापासून "कॅमेरे बसवा" म्हणत होते. कॅमेरा चोराला थांबवत नाही. काय झालं ते सांगतो, आणि तेही नीट बसवला तर. गच्चीच्या कठड्यावरून खाली रोखलेल्या कॅमेऱ्यात टोप्या दिसतात, चेहरे दिसत नाहीत. आमचा फाटकाकडे तोंड करून, साधारण आठ फुटांवर आहे. चित्रण साठवणारा डीव्हीआर टीव्हीखाली ठेवला तर चोर जाताना तोही घेऊन जातात. म्हणून चित्रण इंटरनेटवरही साठतं. वीज गेली की कॅमेरा आणि राउटर दोन्ही मिटतात, त्यामुळे ते इन्व्हर्टरवर घेतले. रात्रीच्या अवरक्त दिव्यापुढे कोळी जाळं विणतो आणि चित्र पांढरं होतं, ते अधूनमधून झाडावं लागतं. सुरुवातीला आंब्याची फांदी हलली, मांजर गेलं, की मला पुण्यात मध्यरात्री सूचना यायची. असं झालं की माणूस सूचना बघणंच सोडतो. टिपण्याचं क्षेत्र फाटक ते दार एवढंच आखून घेतल्यावर ते थांबलं. काकूंचं दार चौकटीत येत नाही याचीही खात्री केली. त्यांच्या घरी कोण येतं-जातं ते मी बघण्याचं कारण नाही.

कॅमेऱ्यापेक्षा माझा भरवसा भोंग्यावर जास्त. दोन्ही दारांना चुंबकी सेन्सर, वळचणीखाली मोठा भोंगा. दार फोडलं गेलं तर आमच्या फोनवर येण्याआधी गल्लीला ऐकू जातं. कारण दारं कितीही भक्कम केली तरी ती फक्त वेळ वाढवतात. पूर्वी क्षणात झालं ते आता बराच वेळ घेईल, आवाज होईल. पण त्या वेळात कुणी जागं झालं नाही, बाहेर आलं नाही, तर तो वाढवलेला वेळ वायाच. सगळ्या खर्चाचा अर्थ शेजारी असतील तरच.

नात्यातल्या एका मामाच्या गावी, कोरेगाव तालुक्यात, ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. गावकऱ्यांचे नंबर नोंदवलेले असतात. संकटात एकाने टोल फ्री क्रमांकावर फोन केला की त्याच्याच आवाजातला निरोप सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी कॉल म्हणून जातो. चोर आले, आग लागली, बिबट्या दिसला, सगळ्यासाठी तेच. आमच्या गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप गट होता, पण रात्री दोनला मेसेज कोण बघतो? घरी बैठक घेतली, पोहे-चहा केला, आणि फोनची साखळी ठरवली. कुणी कुणाला उठवायचं ते कागदावर लिहून प्रत्येकाच्या फ्रिजवर लावलं. आवाज आला तर एकट्याने बाहेर धावायचं नाही, आधी दिवे लावायचे, ११२ ला फोन, साखळीला फोन, मग चार जणांनी मिळून बाहेर. बंद पडलेल्या रस्त्यावरच्या दिव्यासाठी नगरपालिकेला अर्जही त्याच बैठकीत लिहिला.

आता आई पुण्याला येते तेव्हा पेपर बंद केलेला असतो. दिवेलागणीला सेन्सरवरचा बाहेरचा दिवा आपोआप लागतो आणि उजाडल्यावर विझतो. भर दुपारी जळत राहिलेला दिवा घर रिकामं असल्याचं लांबून सांगतो. आतल्या खोलीतला एक दिवा टायमरवर आहे. मावशी एक दिवसाआड अंगण झाडतात, सडा घालून रांगोळीची चार बोटं ओढतात. दोन्ही किल्ल्या काकूंकडे. जाण्याआधी ठाण्यात जाऊन घर किती दिवस बंद आहे ते आणि माझा नंबर लिहून देते, रात्रीच्या गस्तीत त्यांची चक्कर होते.

तपासात अजून काही हाती लागलेलं नाही. मिळालेले ठसे तपासायला गेले आहेत. चोर सापडले नाहीत तर पोलीस 'अ' समरीचा अहवाल न्यायालयाला देतात, म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस न आलेला. पुढे दुसऱ्या गुन्ह्यात कुणी पकडलं गेलं आणि धागा जुळला तर तपास परत सुरू होऊ शकतो. म्हणून समईचा तो फोटो आणि एफआयआरची प्रत जपून ठेवली आहे, आणि तपास अंमलदारांना महिन्या-दोन महिन्यांनी फोन करते. कामांपैकी पडवीच्या कौलांखालची जाळी राहिली आहे. सुतारमामांना पावसाआधी या म्हटलं आहे, जाळीची मापं घ्यायला ते येत्या रविवारी येणार आहेत.